व्यवसायांची मानीव वस्ती



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या तोंडावर विद्वानांनी बोलावे व इतरांनी ऐकावे असा रिवाज पडला आहे. मी त्या इतरांपैकी. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि कामगार आयुक्तांच्या दारातल्या बाकावर. तेव्हा आजचा विषय मी पंडितासारखा मांडू शकणार नाही. ज्या अडचणीतून मला तो शिकावा लागला, त्या अडचणीपासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी नीरा-बारामती रस्त्यावरच्या लहान कामगारांसाठी एक दवाखाना व्हावा म्हणून आम्ही काही मंडळी अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. कारखान्यातल्या कायम कामगाराला त्याच्या हक्काची सोय असते. पण गॅरेज, वेल्डिंगची शेड, खानावळ, खताचे दुकान, ट्रॅक्टर-ट्रेलर दुरुस्ती यांत राबणाऱ्यांना कोण विचारतो? अधिकारी सज्जन होते. त्यांनी संगणकावर आमच्या भागाचा नकाशा काढला. त्यावर शेकडो ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक व्यवसाय आणि त्याच्यापुढे कामगारांचा आकडा. ते म्हणाले, “तुमच्या टप्प्यात दवाखान्याला पुरतील इतके कामगार दिसत नाहीत.”

मी नकाशा निरखून पाहिला. जिथे माझ्या ओळखीच्या माणसाची शेड आहे तिथे ठिपका नव्हता, आणि एक ठिपका होता तो चक्क ओढ्याच्या पात्रात. मी विचारले, “साहेब, हे दुकान कोणाचे?” ते हसून म्हणाले, “कोणाचेच नाही. हे ठिपके मानीव आहेत. बेरीज मात्र खरी आहे.”

मला राग आला, हे कबूल करतो. परंतु राग आला की आधी वाचावे आणि मग बोलावे ही सवय चळवळीनेच लावली आहे. वाचले तेव्हा कळले की साहेब खोटे बोलत नव्हते. कृत्रिम अथवा मानीव वस्ती तयार करण्याचे एक शास्त्रच आहे, आणि ते टाकाऊ नाही. पण त्याच्या काही खोडी आहेत, आणि त्या जाणून घेतल्या नाहीत तर त्यांचा भार नेमका दुबळ्यावर पडतो. हेच आज सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न असा, की खरी दुकाने रस्त्यावर उभी असताना मानीव दुकाने करावीतच कशाला? सरकारजवळ खरी यादी नाही काय?

आपल्या देशात व्यवसायांची सर्वत्र मोजदाद करणारी आर्थिक गणना १९७७ साली प्रथम झाली. सहावी गणना २०१३-१४ साली झाली. तिच्यात देशभरात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३ कोटी १३ लाख माणसे आढळली. म्हणजे एका आस्थापनेत सरासरी सव्वादोन माणसे. शेकडा सुमारे ७२ आस्थापनांत पगारी माणूस नेमलेलाच नव्हता. मालक आणि त्याचे घरचे लोक मिळून धंदा चालवीत होते. पीक काढण्याचा धंदा, म्हणजे प्रत्यक्ष शेती, या गणनेत धरलेली नव्हती.

हे झाले गणनेचे. पण गणना वर्षावर्षाला होत नाही, आणि दुकाने मात्र दर महिन्याला उघडतात नि बंद पडतात. मधल्या काळात नमुना पाहण्या होतात. प्रा. महालनोबीस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाच्या अंदाजापासून ही विद्या आपल्याकडे रुजवली आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. शिते काही चाचपून भाताची परीक्षा करावी तशी ही रीत. राज्याचा आकडा तिच्यातून चांगला मिळतो. वाघळवाडी, निंबूत वा करंजेपूल अशा एकेका गावाचा आकडा मात्र मिळत नाही, कारण गावातून नमुन्यात आलेली दुकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, नाहीतर एकही नाही.

तिसरी अडचण गुप्ततेची. पाहणीत सांगितलेली माहिती एकेकट्या व्यवसायाचे नाव उघड होईल अशा रीतीने प्रसिद्ध करू नये, असा कायद्याचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. नाहीतर कोण खरे सांगेल? माणसांच्या बाबतीत नाव काढून टाकले की पुष्कळसे भागते. व्यवसायाच्या बाबतीत तसे होत नाही. “बारामती तालुका, नीरा नदीकाठ, साखर कारखाना” एवढे लिहिले आणि नाव पुसले, तरी शाळेतले पोरही सांगेल की हा सोमेश्वर! इंदापूर तालुक्यात “जुना खाजगी साखर उद्योग” म्हटले की बोट वालचंदनगरकडे जाते. मोठ्या झाडाला बुरखा घालता येत नाही.

म्हणून संशोधकांनी तोड काढली. खरी यादी दाखवायची नाही. पण खऱ्या बेरजांशी जुळणारी, खऱ्यासारखी वागणारी, कोणाचीही नसलेली अशी एक यादी गणिताने निर्माण करायची. गणित्याने वसवलेले हे गाव. रस्त्याची रहदारी, दवाखान्याची जागा, पुराने होणारे नुकसान, एखादा कारखाना बंद पडल्यास किती दुकाने बसतील, असे प्रश्न या मानीव गावाला विचारता येतात. अमेरिकेत गाय ऑर्कट यांनी १९५७ साली एकेक कुटुंब, एकेक पेढी यांना घटक धरून अर्थव्यवहाराचे गणित करावे असा विचार मांडला. पुढे १९९० नंतर रहदारीच्या अभ्यासासाठी संपूर्ण शहरांची मानीव लोकसंख्या तयार होऊ लागली. माणसांची वस्ती आधी झाली. व्यवसायांची मागाहून, कारण ती अधिक अवघड.

आता ही वस्ती बनते कशी ते पाहू. उदाहरण माझ्या मनचे आहे, आकडे समजण्यापुरते.

दोन गावे घ्या, वरचे आणि खालचे. एकूण व्यवसाय १००. वरच्या गावात ६० आणि खालच्या गावात ४०, हे गणनेवरून ठाऊक आहे. दोन्ही गावे मिळून दुकाने ७० आणि कारागिरीच्या शेडा ३०, हेही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच, की कोणत्या गावात किती दुकाने नि किती शेडा. एका लहानशा नमुना पाहणीत वरच्या गावात ८ दुकाने व २ शेडा, आणि खालच्या गावात ५ दुकाने व ५ शेडा आढळल्या. बस्स, एवढेच भांडवल.

प्रथम नमुना गावाच्या बेरजेपर्यंत फुगवा. वरच्या गावात ४८ नि १२. खालच्या गावात २० नि २०. गावांच्या बेरजा जुळल्या. पण दुकाने झाली ६८, हवीत ७०. शेडा झाल्या ३२, हव्यात ३०. म्हणून दुकानांचे आकडे थोडे वाढवा, शेडांचे थोडे घटवा. आता धंद्यांच्या बेरजा जुळल्या, पण गावांच्या किंचित बिघडल्या. पुन्हा गावे जुळवा, पुन्हा धंदे जुळवा. दर फेरीला चूक कमी होते. शेवटी वरच्या गावात सुमारे ४९ दुकाने व ११ शेडा, खालच्या गावात २१ दुकाने व १९ शेडा असा मेळ बसतो. पडताळून पाहा: उभी बेरीज बरोबर, आडवी बेरीज बरोबर. आणि खालच्या गावात शेडांचे प्रमाण जास्त, ही नमुन्यातली खूणही शाबूत राहिली.

१९४० च्या अमेरिकी जनगणनेच्या कामात डेमिंग आणि स्टीफन या दोघांनी ही रीत मांडली. बैलगाडीची दोन्ही चाके एकाच वेळी आवळता येत नाहीत. आधी एक, मग दुसरे, मग पुन्हा पहिले, तसेच हे आहे. आकडे अपूर्णांकात येतात आणि अर्धे दुकान कोणी उघडत नाही, म्हणून शेवटी पूर्णांक करावे लागतात.

दुसरी रीत अदलाबदलीची. नमुन्यातल्या खऱ्या नोंदींच्या नकला करून गावात वाटेल तशा मांडायच्या. मग एक नोंद काढून दुसरी ठेवायची. बेरजेचा मेळ सुधारला तर बदल ठेवायचा, बिघडला तर बहुधा परत फिरवायचा. “बहुधा” म्हणण्याचे कारण असे, की आरंभी आरंभी थोडा बिघाडही चालवून घेतात. नाहीतर गणित एखाद्या आडवळणाच्या कोपऱ्यात अडकून बसते आणि चांगले उत्तर पलीकडेच राहते. हळूहळू ही सवलत कमी करत आणतात. या युक्तीला धातू तापवून सावकाश निववण्याच्या क्रियेवरूनच नाव मिळाले आहे. आमच्या वर्कशॉपमधल्या मंडळींना हे चटकन समजेल: लोखंड झटकन निवले तर ठिसूळ होते, सावकाश निवले तर आतला ताण जातो.

इथवर सारे सोपे आहे. खरी मेख आहे ती व्यवसायाच्या आकारमानात.

कुटुंबे लहानमोठी असली तरी दोन माणसांपासून दहाबारांपर्यंत. हजार माणसांचे कुटुंब कोणी पाहिलेले नाही. व्यवसायांचे तसे नाही. ९९ ठिकाणी दोन-दोन माणसे आणि एका ठिकाणी ८०० अशी शंभर आस्थापनांची वस्ती कल्पा. एकूण माणसे ९९८. सरासरी जवळजवळ दहा. पण दहा माणसे असलेली आस्थापना त्या वस्तीत एकही नाही! सरासरी ही येथे कोणाचीच गोष्ट सांगत नाही. फ्रान्समधील रॉबर्ट जिब्रा यांनी १९३१ साली पेढ्यांच्या वाढीचा नियम शोधताना या विषमतेचा विचार केला. पुढे २००१ साली रॉबर्ट ॲक्स्टेल यांनी अमेरिकेतील सर्व पेढ्यांच्या आकड्यांवरून दाखवले, की लहान असंख्य आणि मोठे मूठभर अशी ही उतरंड एका ठराविक प्रमाणात लागते.

आपल्याकडे ही उतरंड डोळ्यांनी दिसते. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती हे कारखाने म्हणजे एकेक डोंगर. त्यांच्या पायथ्याशी चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकाने, सलून, किराणा यांचे वारूळ. म्हणून जाणते गणिती मोठ्या आस्थापना चिठ्ठ्या टाकून काढत नाहीत. त्यांची जागा व आकार आधीच ठाम धरतात, आणि चिठ्ठ्या टाकतात त्या फक्त लहानांसाठी. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीचे धोरणही असेच राहिले आहे: मोठ्या कारखान्यांचा गट पुरता मोजावयाचा, लहानांतून नमुना घ्यावयाचा.

आणि आता ती गोष्ट, जी मला पुस्तकात थोडी आणि फाटकावर जास्त शिकायला मिळाली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेवाचून चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार ही रेषा आखली होती. भविष्यनिर्वाह निधीची रेषा वीस. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना देण्याची मुभा दिली. काळानुसार रेषा सरकत आल्या आहेत. पण जिथे रेषा तिथे तिच्या अलीकडे गर्दी, हा नियम काही सरकलेला नाही. एका वर्कशॉपमध्ये मी सभासद नोंदवायला गेलो तेव्हा हजेरीपटावर नऊ माणसे होती. मोजली तर तेरा. उरलेली चार पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या शेडमध्ये, आणि ती शेड कागदोपत्री मालकाच्या भावाची. दोन्ही शेडांत ये-जा करायला भिंतीत दार होते!

आता गणिताने या प्रकाराचे काय होते ते पाहा. गणित उतरंड गुळगुळीत करते. आठ, नऊ, दहा, अकरा अशी सावकाश उतरती पायरी मानते. प्रत्यक्षात नवाशी गर्दी आणि दहाशी सामसूम. म्हणजे मानीव वस्तीत दहा-अकराचे व्यवसाय आपोआप निर्माण होतात आणि कागदावर कामगार कायद्याच्या छत्राखाली आलेले दिसतात. किंवा याच्या उलट, नऊचा कागद खरा मानला तर तेरातले चौघे नाहीसे होतात. दोन्हीकडून नुकसान त्या चौघांचेच. दोष गणिताचा नाही; गणिताला जे सांगितले तेवढेच ते जाणते.

दुसरी खोड शून्याची. मघाची जुळवणी आठवा. तिच्यात प्रत्येक आकडा गुणून लहानमोठा करतात. पण नमुन्यात एखाद्या गावी एखादा धंदा शून्य आला तर? शून्याला कशानेही गुणा, शून्यच. आपल्या बाजूला गुऱ्हाळे आहेत. पाहणीवाला भर पावसाळ्यात आला, तेव्हा गुऱ्हाळाची चूल थंड आणि कढई पालथी. त्याने शून्य लिहिले. आता गणित शंभर फेऱ्या करो, त्या गावात गुऱ्हाळ जन्मास येणार नाही. म्हणून सावध गणिती अशा जागी शून्याऐवजी लहानसा अंश ठेवतात किंवा शेजारच्या गावाचा आधार घेतात. पण कोणते शून्य खरे आणि कोणते हंगामाचे, हे गावचा माणूसच सांगू शकतो.

हंगामाचा प्रश्न इथेच संपत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात, आणि चार-पाच महिने या भागाची वस्तीच बदलते. मुकादम हा एक व्यवसायच आहे: तो उचल देतो, माणसे आणतो, हिशेब ठेवतो. पण त्याचे घर एका जिल्ह्यात, करार दुसऱ्या जिल्ह्यात आणि काम रोज नव्या फडात. सांगा, त्याचा ठिपका कुठे ठेवायचा? बहुतेक नकाशे तो ठेवतच नाहीत. आणि कोयता हाती असलेली बाई, जिला दवाखान्याची सर्वांत जास्त गरज, ती ठिपक्याबरोबर गळून पडते.

ठिपके जागेवर कसे बसवतात तेही सांगतो. गावाची बेरीज ठरली की रस्ते, बाजारतळ, इमारतींचे नकाशे, रात्रीच्या उजेडाची उपग्रहचित्रे यांच्या आधाराने जिथे धंदा असण्याचा संभव जास्त तिथे जास्त ठिपके टाकतात. ही रीत शहरात बरी चालते. आपल्याकडे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने शेतात घरे नेली, वस्त्या विखुरल्या. पिठाची गिरणी वस्तीवर, दूध संकलन केंद्र वस्तीवर, शिलाईचे यंत्र घराच्या पडवीत. नकाशाला ती केवळ घरे दिसतात. आणि आधाराचा नकाशा जुना असला, तर ओढ्यातही दुकान उघडते, जसे मी पाहिले.

याहून पुढची पायरी म्हणजे व्यवसायांचे परस्परसंबंध. उसाबरोबर वाहतूकदार, मळीबरोबर आसवनी, बगॅसबरोबर वीज, हंगामाबरोबर टायरवाला नि खानावळ. नुसते ठिपके टाकून भागत नाही; एक दोरी ओढली की कोणकोणते ठिपके हलतात हे दाखवावे लागते. हे काम जगभर अजून कच्चेच आहे, कारण कोण कोणाकडून माल घेतो याच्या नोंदी क्वचितच हाती लागतात.

मग ही विद्या टाकून द्यावी काय? मुळीच नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१० च्या सुमारास व्यवसायांच्या गुप्त नोंदींवरून बनवलेली मानीव यादी संशोधकांस खुली केली होती. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडली. संशोधकाने मानीव यादीवर हिशेब करावा, आणि खात्याने तोच हिशेब आत खऱ्या नोंदींवर करून दोन्ही उत्तरे किती जुळतात ते पाहावे. मानीवाने वाट दाखवावी, खऱ्याने खात्री करावी. हीच सचोटीची रीत होय.

मोजण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. हेच गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे सुरुवातीचे अध्यक्ष. दारोदार मोजणारा अर्थशास्त्रज्ञ आणि सहकारी कारखाना उभारणारा माणूस एकच असावा, हा योगायोग नव्हे. ज्याला लोकांसाठी काही उभारायचे असते, त्याला लोक आधी मोजावे लागतात.

तेव्हा उद्या आपल्यापुढे कोणी असा ठिपक्यांचा नकाशा ठेवला, तर रागावू नका आणि दबूनही जाऊ नका. चार प्रश्न विचारा. बेरजा कोणत्या वर्षाच्या? नमुना कोणत्या महिन्यात घेतला? मोठे कारखाने ठाम धरले की चिठ्ठीने काढले? आणि गणितात न वापरलेल्या एखाद्या खऱ्या आकड्याशी ही वस्ती ताडून पाहिली काय? पाचवा प्रश्न समजदार माणूस आपण होऊन विचारतो: एकच वस्ती केली, की चिठ्ठ्या बदलून पुष्कळ केल्या? कारण एकाच फेरीचा ठिपका म्हणजे एक शक्यता. शंभर फेऱ्यांत नव्वद वेळा जिथे कामगार दिसतात, तिथे भरवसा ठेवावा. दहा वेळा दिसतात तिथे जाऊन पाहावे.

आमच्या अर्जाचे काय झाले ते सांगून संपवतो. आम्ही सहा जणांनी सायकली नि मोटारसायकली काढल्या आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वह्या घेऊन फिरलो. मालकाचे नाव लिहायचे नाही, कामगाराचे नाव लिहायचे नाही. जागा, धंदा, माणसे आणि किती महिने काम, एवढेच. भिंतीतले दार दिसले तर दोन शेडा एक धरायच्या. त्या वह्या आम्ही त्याच अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या. त्यांनी, त्यांना शाबासकी द्यायला हवी, आमचे आकडे घालून गणित पुन्हा मांडले. आमच्या टप्प्यात ठिपके वाढले, आणि ओढ्यातले दुकान काठावर आले.

दवाखाना अजून झालेला नाही. पण आता “तुमच्याकडे कामगार दिसत नाहीत” हे उत्तर मिळत नाही. निधी नाही असे मिळते. हा वाद आमच्या ओळखीचा आहे, आणि तो कसा लढवायचा हे आम्हाला ठाऊक आहे.